आईच्या अक्षराचे खिळे

गेल्या दिवाळीत पुतणी पाटणला आली ती बरोबर एक चपटा स्कॅनर घेऊन. पुण्यात ती उपयोजित कला शिकते. फराळाचे ताट पुढे आले तरी तिचे लक्ष माळ्याकडे. शेवटी चकलीचा तुकडा हातात धरूनच तिने विचारले, ‘‘काका, आजीच्या वह्या अजून आहेत ना हो?’’

वह्या होत्या. पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या लुगड्यात बांधलेल्या, कापडी पाठीच्या अकरा वह्या. आईने लग्नानंतर लिहायला सुरुवात केली आणि हात थरथरू लागेपर्यंत ती लिहीत राहिली. दुधाचा रतीब, किराणा, कैरीच्या लोणच्याचे प्रमाण, कोणाच्या बारशाला काय अहेर केला, कोणाकडून किती पायली भात उसना आणला, गाईला दिलेले औषध. साहित्य म्हणून त्यात काही नाही. पण अक्षर! चौथी पास झालेल्या बाईचे ते अक्षर पाहून माझ्या बँकेतले एक जुने साहेब म्हणाले होते, ‘‘तुमच्या मातोश्रींना आपल्या खतावणीवर बसवायला हवे होते.’’

पुतणीला त्या अक्षराचा फॉन्ट करायचा होता. म्हणजे संगणकावर किंवा मोबाइलवर ‘क’ची कळ दाबली की आईच्या हातचा ‘क’ उमटावा. मला आधी गंमत वाटली, मग थोडी भीती वाटली. भीती का वाटली ते पुढे सांगतो.

चाफळचा धडा

आमच्या तालुक्यात अक्षराचा विषय निघाला की समर्थांना वळसा घालून जाता येत नाही. चाफळ आमच्याच पाटण तालुक्यातले. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिलाच समास ‘लेखनक्रिया निरूपण’ या नावाचा आहे. अध्यात्माच्या ग्रंथात समर्थ बाळबोध अक्षर कसे काढावे ते सांगत बसले आहेत. अक्षर वाटोळे, सरळ, मोकळे असावे. ओळीत अंतर सारखे असावे. काना, मात्रा, वेलांटी, रफार जागच्या जागी असावेत. निरनिराळ्या प्रांतांतले बोरू आणावेत, शाई कशी करावी, समासाला जागा किती सोडावी, हेही सांगितले आहे. तरुणपणी फार बारीक लिहाल तर म्हातारपणी तुम्हालाच वाचता येणार नाही, म्हणून मध्यम आकाराचे लिहा, असा व्यवहारी सल्लाही आहे. चष्म्याचा नंबर वाढलेल्या माझ्यासारख्याला तो फारच पटतो.

त्या समासात आणखी एक अपेक्षा आहे. पोथीचे पहिले अक्षर आणि शेवटचे अक्षर यांत फरक दिसू नये, सारे एका टाकाने लिहिल्यासारखे वाटावे. पुतणीला हे सांगितले तेव्हा ती हसून म्हणाली, ‘‘काका, मग समर्थांना फॉन्टच हवा होता की!’’

बोलणे थट्टेचे होते, पण खोटे नव्हते. सारखे अक्षर, वारंवार आणि न थकता, ही गरज जुनीच आहे.

तांबे, शिसे आणि संगणक

सांगली जिल्ह्यातल्या मिरजेला १८०५ साली भगवद्गीता छापली गेली. आश्रय पटवर्धन सरकारांचा. सुटे खिळे नव्हतेच. तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरे उलटी कोरून त्यांचे ठसे घेतले होते. म्हणजे प्रत्येक पानासाठी पुन्हा सगळी अक्षरे कोरायची. त्याच १८०५ साली तिकडे बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण छापले गेले, त्यात देवनागरी अक्षरांचे सुटे खिळे होते. एकदा ‘क’ घडवला की हजार पानांना तोच. दोन्ही रीती एकाच वर्षीच्या, आणि यश कोणाला मिळाले ते आपण जाणतोच.

मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात थॉमस ग्रॅहम याने देवनागरी खिळे घडवले. तिथेच लहान वयात कामाला लागलेल्या जावजी दादाजी चौधरी यांनी १८६४ साली स्वतःचा खिळ्यांचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. त्यांच्याकडे राणोजी रावजी आरू हे खिळ्यांचे साचे कोरणारे कारागीर होते. निर्णयसागरच्या पोथ्या ज्यांनी वाचल्या आहेत त्यांच्या डोळ्यांपुढे ते भरदार, वाटोळे अक्षर अजून असेल. आईने शाळेत ज्या पुस्तकावरून अक्षर गिरवले, त्या अक्षराचे कूळ तेच. बोरूचे अक्षर पाहून खिळे झाले आणि खिळे पाहून पुढच्या पिढ्यांचा हात वळला.

पण देवनागरीचा छापखाना म्हणजे मोठा संसार. इंग्रजीच्या जुळाऱ्यापुढे लहानमोठी धरून बावन्न अक्षरे आणि वर थोडी चिन्हे. आपल्या जुळाऱ्यापुढे अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, वर मात्रा, खाली उकार असे शेकडो खिळे. हा संसार आवरावा म्हणून काही लोकांनी लिपीलाच हात घातला. सावरकरांची ‘अ’ची बाराखडी, म्हणजे ‘इ’ऐवजी ‘अ’ला वेलांटी देऊन ‘अि’, ‘उ’ऐवजी ‘अु’, ही त्यातलीच. आमच्या शेजारच्या किर्लोस्करवाडीहून निघणाऱ्या ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’, ‘मनोहर’ या मासिकांनी ती वर्षानुवर्षे वापरली. आई ‘स्त्री’ची नेमाने वाचक. तिच्या एका वहीत मधेच दोन पाने ‘अिथे’, ‘अुद्या’ असे लिहिलेले सापडते, आणि तिसऱ्या पानापासून पुन्हा जुने वळण. बहुधा घरात कोणी हसले असावे.

मग संगणक आले. १९९०च्या दशकात मराठी टंक करणाऱ्यांनी देवनागरीचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवले. प्रत्येकाची बसवण्याची रीत वेगळी. एकाच्या घरात जिथे ‘म’ तिथे दुसऱ्याच्या घरात अर्धा ‘त’. माझी एक कादंबरी १९९९ साली कऱ्हाडच्या एका डीटीपी केंद्रात जुळवली गेली. फ्लॉपी मी जपून ठेवली. दहा वर्षांनी ती उघडली तेव्हा पडद्यावर इंग्रजी अक्षरे आणि चित्रविचित्र खुणांचा पाऊस. ज्या टंकात ती जुळवली तो टंक त्या केंद्राबरोबरच गेला होता. छापील प्रत होती म्हणून कादंबरी वाचली, नाहीतर माझ्याच तीनशे पानांना मी परका झालो असतो.

यावरचा उपाय म्हणजे युनिकोड. त्यात जगातल्या प्रत्येक लिपीतल्या अक्षराला एक कायमचा क्रमांक दिला आहे. देवनागरीच्या मुख्य विभागात अशा १२८ जागा आहेत. टंक कोणताही असो, ‘म’चा क्रमांक ‘म’चाच. विंडोज २०००बरोबर घरोघर पोचलेला ‘मंगल’ हा टंक याच पद्धतीचा. तो रेखाटला कवी, सुलेखनकार आणि पवईच्या आयआयटीतले अध्यापक र. कृ. जोशी यांनी. २००८ साली ते गेले. लाखो लोक त्यांचे अक्षर रोज वाचत होते आणि बहुतेकांना त्यांचे नावही ठाऊक नव्हते. अक्षर घडवणाऱ्याच्या नशिबी हे असतेच. आज मुंबईतल्या ‘एक टाइप’सारख्या मंडळींनी ‘मुक्ता’, ‘मोदक’ असे टंक सर्वांना मोफत खुले केले आहेत.

हजार घरांची चौकट

आता आमच्या घरच्या कारखान्याकडे वळू. पुतणीने ‘फॉन्टफोर्ज’ नावाची मोफत मिळणारी प्रणाली संगणकावर घातली. ‘ग्लिफ्स’, ‘फॉन्टलॅब’ अशा विकतच्याही आहेत, पण शिकायला ही पुरेशी आहे, असे ती म्हणाली.

प्रत्येक अक्षराला एक चौकट मिळते. तिची उंची बहुधा हजार भागांची. अक्षराची कड थोड्याशा बिंदूंनी बांधायची आणि दोन बिंदूंमधली रेषा किती वाकावी ते त्या बिंदूंना फुटलेल्या दोन दांड्या ओढून ठरवायचे. मोटारीच्या पत्र्याची वळणे रेखण्यासाठी रेनॉ कंपनीतल्या पिएर बेझिए या फ्रेंच अभियंत्याने ज्या वक्ररेषा प्रचारात आणल्या, त्याच इथे कामी येतात. नवशिका बिंदूंची खैरात करतो आणि अक्षर खडबडीत होते. वळणाच्या सर्वांत वरच्या, खालच्या, डाव्या आणि उजव्या टोकाला एकेक बिंदू ठेवला की बाकीचे वळण आपोआप सुटते. मी दोन दिवस ‘व’ गिरवला. तिसऱ्या दिवशी तो वाटोळा झाला. ‘व’ साधला की ‘ब’ आला, ‘प’ साधला की ‘ष’ आला. पहिलीत बाईंनी याच क्रमाने अक्षरे शिकवली होती हे आठवले.

इंग्रजी अक्षरे खालच्या रेघेवर बसतात, आपली वरच्या शिरोरेषेला लोंबकळतात. आई आधी सगळा शब्द लिही आणि मग डावीकडून उजवीकडे एका दमात वर रेघ ओढी. ती रेघ शब्दाच्या शेवटी किंचित चढत जाई. टंकात मात्र प्रत्येक अक्षर आपल्या वाट्याची शिरोरेषा डोक्यावर घेऊनच येते आणि शेजाऱ्याच्या रेषेवर थोडी चढवून ठेवावी लागते, म्हणजे फट दिसत नाही. तिथे चढती रेघ ठेवली तर जिन्याच्या पायऱ्या होतात. तेव्हा आईची चढती रेघ आम्हाला आडवी करावी लागली. पहिली तडजोड ती.

ऱ्हस्व वेलांटीने आणखी घोळ घातला. आपण आधी ‘क’ टंकतो, मग वेलांटी, पण ती दिसायला हवी ‘क’च्या आधी. शिवाय ‘कि’ची वेलांटी लांब हवी आणि ‘रि’ची आखूड, नाहीतर कमान दांड्यापर्यंत पोचत नाही किंवा पलीकडे जाते. म्हणून एकाच वेलांटीची पाच-सहा मापे काढायची आणि कुठल्या अक्षराला कुठले माप, याचे नियम प्रणालीला लिहून द्यायचे. अनुस्वार कुठे टेकायचा, रफार कुठे, ‘द’ला उकार लागला की तो कुठे सरकवायचा, हेही सांगायचे. मूळ अक्षरे पन्नाससाठ, पण आमच्या चौकटी भरत भरत सव्वाचारशेवर गेल्या.

कऱ्हाडचा र

एका संध्याकाळी पुतणीने पहिला शब्द टंकला, ‘कऱ्हाड’. पडद्यावर ‘ह’च्या डोक्यावर रफार आला. मी म्हटले, ‘‘हे आपले कऱ्हाड नव्हे.’’

पाटणच्या माणसाला कऱ्हाड दिवसातून चारदा लिहावे लागते. बाजार तिथे, दवाखाना तिथे, आगगाडी तिथे. त्यातला तो ‘ह’च्या आधी येणारा, आडव्या चंद्रकोरीसारखा अर्धा ‘र’, हे मराठीचे स्वतःचे लेणे आहे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक त्याच्यावर उभा आहे. हिंदीला त्याची गरज पडत नाही, म्हणून हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या टंकांत त्याची आबाळ होते. तसेच ‘ल’ आणि ‘श’चे. पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ही मराठी मुलाच्या पाटीवरची रूपे. युनिकोडमध्ये क्रमांक एकच, रूप कोणते दाखवायचे हे टंक करणाऱ्याच्या हाती. त्यामुळे पाटीवर एक ‘ल’ आणि मोबाइलवर दुसरा, असे आपली नातवंडे पाहत मोठी होतात. मराठीची वर्णमाला कशी असावी याबद्दल राज्य शासनाला २००९ साली आणि पुन्हा २०२२ साली निर्णय काढावे लागले, ते उगीच नाही. अक्षराचे वळण बदलले म्हणून भाषा मरत नाही हे मलाही कळते. पण कोणी न ठरवता, केवळ सोयीपोटी ते बदलावे, याचे वाईट वाटते.

आईच्या वह्यांत ‘कऱ्हाड’ एकशे बारा वेळा आले आहे. आम्ही मोजले. त्यातला सर्वांत सुरेख ‘ऱ्ह’ १९७४च्या वहीत, शेंगदाण्याच्या हिशोबात सापडला. तोच घेतला.

काही अक्षरे मात्र कुठेच सापडेनात. ‘ङ’ आणि ‘ञ’ नाहीत, हे समजण्यासारखे आहे. पण ‘ऑ’ही नाही आणि ‘ॲ’ही नाही. आई ‘डाक्टर’ लिही, ‘ब्यांक’ लिही. मुलगा ब्यांकेत लागला ही नोंद वहीत आहे, तारखेसकट. युनिकोडनेसुद्धा ‘ॲ’ला वेगळी जागा २००८ साली दिली, तेव्हा आईलाच दोष का द्या? पण टंक पुरा करायचा तर ही अक्षरे कोणीतरी काढायलाच हवीत. पुतणीने आईच्या ‘अ’वर आईच्याच अनुस्वाराखालची कोर ठेवून ‘ॲ’ बेतला. दिसला अगदी आईचा. पण तो आईने कधी लिहिला नव्हता.

सहीचा नमुना

इथे माझी भीती वर आली. अडतीस वर्षे मी सह्या पडताळल्या. चेकवरची सही आणि नमुन्याच्या कार्डावरची सही. नव्या कारकुनाला वाटते, दोन्ही हुबेहूब जुळल्या म्हणजे झाले. अनुभवी माणूस हुबेहूब जुळलेली सही पाहून दचकतो. जिवंत हात दोनदा तेच लिहीत नाही. थंडीत आखडतो, घाईत पसरतो, आजारपणात खाली कलतो. केसभरही फरक नसेल तर कोणीतरी वर कागद ठेवून गिरवली आहे असे समजावे.

टंक म्हणजे तर हुबेहूबपणाच. पुतणीने नेहमीच्या अक्षरांची तीन-तीन रूपे घातली आणि ती आळीपाळीने यावीत असा नियम लिहिला. ओळ खरीच हाताने लिहिल्यासारखी दिसू लागली. कौतुकाने तिने टंकून दाखवले, ‘चि. बाळास अनेक आशीर्वाद. मी सुखरूप आहे.’

मी खुर्चीवरून उठलो. आई जाऊन नऊ वर्षे झाली. तिच्या अक्षरात, तिने न लिहिलेले, आणि तेही मला उद्देशून! पोरीच्या मनात काही नव्हते. पण माझ्या बँकेतल्या जिभेवर जो शब्द आला तो मी गिळला. ती समजली. थोड्या वेळाने तीच म्हणाली, ‘‘काका, चुकलंच. मग हा टंक कशाला करायचा, ते तुम्ही सांगा.’’

दोन दिवस मी विचार केला. समर्थांना एकसारखे अक्षर हवे होते ते वाचणाऱ्यासाठी. लिहिणारा कोण हे विसरले जावे आणि ग्रंथ वाचला जावा, यासाठी. मला आईचे अक्षर हवे होते ते लिहिणारी विसरली जाऊ नये यासाठी. एका टंकाने दोन्ही साधत नाही. मग आम्ही ठरवले ते असे. टंकाला आईचे नाव द्यायचे नाही. तिची सही त्यात घालायची नाही. आणि त्या टंकात आधी आईच्याच अकरा वह्या जुळवायच्या, तिच्याच शब्दांत, तिच्याच ‘डाक्टर’ आणि ‘ब्यांक’सकट. शाई उडत चालली आहे, कागद घडीवर तुटतो आहे. बाहेरगावी असलेल्या नातवंडांना लोणच्याचे प्रमाण हवे असते, ते ‘लोणचे’ असे टंकून शोधता यावे. पुतणीने बेतलेली अक्षरे टंकात आहेत, पण त्या वह्या जुळवताना त्यांची एकदाही गरज पडली नाही.

वाचकांपैकी कोणाला हा उद्योग करावासा वाटला तर एवढेच सांगेन. आधी कागद जपा. चांगल्या उजेडात, मोठ्या मापाने स्कॅन करून ठेवा. टंक नंतर पाच वर्षांनीही करता येईल, पण वाळवी पाच वर्षे थांबत नाही. आणि घरातले माणूस हयात असेल तर त्याच्याकडून एक पान लिहून घ्या, ज्यात ‘ळ’, ‘ज्ञ’, ‘क्ष’, ‘ऱ्ह’ आणि सगळे आकडे येतील. आपण फोटो काढतो, आवाज साठवतो, अक्षर मात्र मागायचे राहून जाते.

दहा वह्या जुळवून झाल्या. अकरावी, म्हणजे खरे तर क्रमाने तिसरी, १९६७ची. ११ डिसेंबरच्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. आमच्या तालुक्यात आणि आसपास दीडशेहून अधिक माणसे गेली. मी सहा वर्षांचा होतो, आईने मला घोंगडीसकट उचलून अंगणात नेल्याचे तेवढे आठवते. मागची भिंत बसली. दोन दिवसांनी आईने वहीत एक यादी केली आहे, मातीतून काय काय निघाले त्याची. दोन तांबे, परात, पाटा, धाकट्याचे बाळलेणे, देवातली अन्नपूर्णा. त्या पानावर अक्षर तिचे आहे आणि नाहीही. ओळी कलल्या आहेत, ‘ळ’ची गाठ सुटली आहे आणि एकाही शब्दावर शिरोरेषा नाही. ओढायला वेळ नसावा, किंवा हात धजला नसावा.

पुतणीने ते पान आमच्या टंकात जुळवून पाहिले. यादी स्वच्छ, वाटोळी, एका टाकाने लिहिल्यासारखी आली. दोघांनी ती पाहिली आणि तिने न बोलता पुसून टाकली. त्या जागी आता मूळ पानाचा फोटो आहे.